दारावरच्या श्रेणीमागे काय असते? इंग्लंडमधील जीपी दवाखान्यांची तपासणी

इंग्लंडमधील जीपी दवाखान्यात शिरताना दारापाशी किंवा प्रतीक्षागृहात एक पत्रक लावलेले दिसते. त्यावर दवाखान्याचे नाव, तपासणीनंतर मिळालेली एकूण श्रेणी आणि तिच्याखाली पाच विषयांतल्या वेगवेगळ्या श्रेणी असतात. हे पत्रक लावणे ऐच्छिक नाही. श्रेणी जाहीर झाल्यापासून २१ दिवसांच्या आत ती दवाखान्यात आणि त्याच्या संकेतस्थळावर ठळकपणे दिसली पाहिजे, असा २०१५ पासूनचा नियम आहे. तरीही बहुतेक रुग्ण ते पत्रक न वाचताच पुढे जातात आणि जे वाचतात ते एकूण श्रेणीच्या एका शब्दावर थांबतात. त्यातच जुलै २०२४ मध्ये आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी ही श्रेणी देणारी यंत्रणा कामास लायक राहिलेली नाही, असे जाहीर केल्याने गोंधळ आणखी वाढला. मग त्या पत्रकावर विश्वास ठेवायचा की नाही? उत्तर देण्यापूर्वी ही तपासणी नेमके काय पाहते आणि तिच्या नजरेतून काय निसटते, ते समजून घ्यावे लागते.

दवाखाना कोणाचा आणि तपासणारे कोण

जीपी म्हणजे कुटुंबवैद्य. आजारी पडल्यावर रुग्ण प्रथम त्यांच्याकडे जातो, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर रुग्णालयातील तज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठीही बहुधा त्यांच्याकडूनच मिळते. इंग्लंडमध्ये असे सहा हजारांहून अधिक दवाखाने आहेत आणि प्रत्येकाकडे सरासरी सुमारे दहा हजार रुग्णांची नोंद असते. पुष्कळ लोकांना हे दवाखाने सरकारी वाटतात, परंतु त्यांतील बहुतेक दवाखाने डॉक्टरांच्या भागीदारीतून चालणारे स्वतंत्र व्यवसाय आहेत. राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, त्यांच्याशी करार करते आणि त्या करारापोटी पैसे देते. डॉक्टर सरकारचे नोकर नाहीत. त्यांच्या दवाखान्यावर नजर ठेवण्याचे काम एक वेगळा नियामक करतो.

हा नियामक म्हणजे केअर क्वालिटी कमिशन, थोडक्यात सीक्यूसी. २००८ च्या कायद्याने त्याची स्थापना झाली आणि २००९ मध्ये त्याने काम सुरू केले. जीपी दवाखाने त्याच्या कक्षेत आले ते एप्रिल २०१३ पासून. तेव्हापासून नोंदणीशिवाय असा दवाखाना चालवणे हा गुन्हा आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टॅफर्डच्या रुग्णालयातील भीषण हेळसांडीवरचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला होता. कागदोपत्री निकष पूर्ण करणाऱ्या संस्थेत रुग्णांचे हाल होऊ शकतात, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. त्यानंतर नियमांची पूर्तता झाली की नाही एवढेच नोंदवण्याऐवजी गुणवत्तेची श्रेणी देण्याची पद्धत आली आणि ऑक्टोबर २०१४ पासून ती जीपी दवाखान्यांना लागू झाली. ही सारी व्यवस्था फक्त इंग्लंडची आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या यंत्रणा स्वतंत्र आहेत.

पाच प्रश्न, चार श्रेणी

सीक्यूसी प्रत्येक दवाखान्याविषयी पाच प्रश्न विचारते. तिथली सेवा सुरक्षित आहे का, उपचार परिणामकारक आहेत का, रुग्णांना आपुलकीची वागणूक मिळते का, त्यांच्या गरजांना वेळेवर प्रतिसाद मिळतो का आणि दवाखान्याचा कारभार नीट चालतो का? प्रत्येक प्रश्नाला चारपैकी एक श्रेणी मिळते: उत्कृष्ट, चांगला, सुधारणा आवश्यक किंवा अपुरा. या पाचांवरून एकूण श्रेणी काढली जाते.

पाचांपैकी पाचवा प्रश्न वाचकाला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो, कारण कारभार ही कार्यालयातली बाब आहे, रुग्णाचा तिच्याशी काय संबंध, असे त्याच्या मनात येते. माझ्या मते पत्रकावर सर्वांत आधी पाहण्याजोगी गोष्ट तीच आहे. औषधाची चूक, हरवलेला अहवाल, न झालेली तपासणी यांच्या मुळाशी गेले, तर हे काम कोणाचे होते हेच ठरलेले नव्हते, असे फार वेळा आढळते.

पथक येण्याआधीच सुरू होणारी तपासणी

दवाखान्याला भेटीची सूचना सहसा सुमारे दोन आठवडे आधी दिली जाते. गंभीर तक्रार असेल तर पथक न कळवताही येऊ शकते. पथकात सीक्यूसीचा निरीक्षक असतो आणि त्याच्यासोबत बहुधा सल्लागार म्हणून दुसऱ्या दवाखान्यात काम करणारा एखादा अनुभवी जीपी असतो. "दोन आठवडे मिळाले तर कोणीही रंगरंगोटी करून घेईल," हा आक्षेप इथेच घेतला जातो, आणि भिंती किंवा फाइली यांच्यापुरता तो खराही आहे. परंतु तपासणीतला सर्वांत धारदार भाग भिंतींशी संबंधित नाही. तो दवाखान्याच्या संगणकात साठलेल्या रुग्णनोंदींमध्ये घडतो आणि पुष्कळदा भेटीच्या आधी दूरूनच पार पडतो. सल्लागार जीपी ठरावीक शोध चालवतो, त्यातून संशयास्पद वाटणाऱ्या रुग्णांची यादी निघते आणि मग त्यांतल्या काही नोंदी तो एकेक करून वाचतो.

उदाहरण म्हणून मेथोट्रेक्सेट घेऊ. संधिवात, सोरायसिस अशा आजारांवर दिले जाणारे हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते गुणकारी आहे, पण यकृताला आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला त्यापासून इजा होऊ शकते. म्हणून मात्रा स्थिरावल्यानंतरही साधारणपणे दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावी लागते. शोध असा असतो: हे औषध कितीजणांना चालू आहे आणि त्यांतल्या कितीजणांच्या नोंदीत अलीकडची रक्ततपासणी दिसत नाही? दवाखान्याचे उत्तर अनेकदा असे येते की तपासण्या रुग्णालयात होतात. त्यावर सल्लागाराचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. रुग्णालयात होत असतील तर हरकत नाही, पण औषधाच्या चिठ्ठीवर सही करण्यापूर्वी तुमच्यापैकी कोणी तो निकाल पाहिला का, आणि पाहिला असेल तर ते कुठे लिहिले आहे?

दुसरा शोध न झालेल्या निदानांचा असतो. रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी स्थिती दाखवणाऱ्या एचबीएवनसी या चाचणीचा निकाल ४८ मिलिमोल प्रति मोल किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेहाचा विचार करावा लागतो. समजा, असा निकाल आला, कोणीतरी तो संगणकावर पाहून बाजूला सारला आणि रुग्णाच्या नोंदीत मधुमेह हे निदान कधी लिहिलेच गेले नाही. मग त्या रुग्णाला डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचे बोलावणे जात नाही, त्याच्या पायांची वार्षिक तपासणी होत नाही आणि त्याच्या मूत्रपिंडांकडे कोणी लक्ष देत नाही, कारण ही सारी बोलावणी निदानाच्या नोंदीवरून आपोआप निघतात. एक नोंद राहिली की पुढची सगळी साखळी तुटते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. दम्याच्या रुग्णांचा शोधही असाच असतो: वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागलेल्या रुग्णाला नंतर कोणी पुन्हा तपासले का? तात्पुरता आराम देणारे इनहेलर कोणी वाजवीपेक्षा फार जास्त नेत आहे का?

दोन आठवड्यांत वर्षभराच्या राहिलेल्या रक्ततपासण्या करता येत नाहीत. नोंदी मागाहून भरल्या तर संगणक प्रत्येक नोंदीची वेळ राखून ठेवतो.

फ्रिज, आणीबाणीची औषधे आणि माणसे

प्रत्यक्ष भेटीत पाहण्याच्या गोष्टी तुलनेने सरळ असतात. लशींचा फ्रिज २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहतो का आणि त्याचे कमाल-किमान तापमान रोज नोंदवले जाते का, हे पाहतात. तापमान बिघडलेली लस दिसायला तशीच राहते, म्हणून वहीतली नोंद हाच एकमेव पुरावा असतो. प्राणवायू, हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, तीव्र ॲलर्जीसाठी ॲड्रेनलिन, मेंदूज्वराच्या संशयात देण्याचे बेंझिलपेनिसिलिन अशी सामग्री जागेवर आहे का आणि तिची मुदत टळलेली नाही ना, हेही बघतात. एखादे औषध मुद्दाम ठेवले नसेल तर तो आपोआप दोष ठरत नाही. पण ते न ठेवण्यातला धोका विचारात घेतल्याचे लेखी कारण दाखवावे लागते.

नवीन कर्मचारी घेताना त्याची पूर्वपीठिका तपासली का, बालकांच्या आणि दुबळ्या प्रौढांच्या संरक्षणाचे प्रशिक्षण झाले आहे का, आग आणि पाण्यातले जंतू यांच्या धोक्याचा आढावा घेतला आहे का, हेही विचारले जाते. रिसेप्शनवरच्या व्यक्तीशी होणारे बोलणे मात्र वाटते त्यापेक्षा महत्त्वाचे असते. छातीत दुखत असल्याचे सांगणारा दूरध्वनी आला तर ती काय करते, हे तिला न अडखळता सांगता आले पाहिजे.

"हा सगळा कागदी घोडाच नाही का?"

डॉक्टरांच्या संघटना हा आक्षेप वर्षानुवर्षे घेत आल्या आहेत आणि तो झटकून टाकता येत नाही. निरीक्षणाच्या तयारीत गेलेला प्रत्येक तास रुग्ण तपासण्याच्या वेळेतून जातो. छोट्या दवाखान्यात, जिथे प्रॅक्टिस मॅनेजर एकटाच असतो, तिथे हा भार विशेष जाणवतो.

तरीही लेखी नोंदीचा आग्रह निरर्थक म्हणता येत नाही. हिशेबतपासनीस दुकानातला प्रत्येक व्यवहार पुन्हा करून पाहत नाही. रोजची रोकड जुळवण्याची रीत आहे का आणि न जुळल्यास पुढे काय होते, ते पाहतो. कमिशनचे निरीक्षकही तसेच आहेत. दवाखान्यात चूक झाली नाही, असे सांगणारा दवाखाना त्यांना समाधानकारक वाटत नाही. झालेली चूक नोंदवली, तिच्यावर बैठकीत चर्चा झाली, ठरलेला बदल झाला आणि काही महिन्यांनी तो टिकला का ते पाहिले, अशी साखळी दाखवणारा दवाखाना त्यांना विश्वासार्ह वाटतो. वर्षभरात एकही चूक नोंदवली नसेल, तर निरीक्षकाला शंका येते.

"आमचे डॉक्टर तर देवमाणूस आहेत, मग श्रेणी खालची कशी?"

श्रेणी ही डॉक्टरांच्या वैद्यकीय हुशारीची परीक्षा नाही. एखाद्या डॉक्टरची व्यक्तिगत पात्रता जनरल मेडिकल कौन्सिलच्या अखत्यारीत येते आणि २०१२ च्या अखेरीपासून प्रत्येक डॉक्टरला सहसा दर पाच वर्षांनी आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. दवाखान्याची श्रेणी सांगते ती वेगळी गोष्ट: ते डॉक्टर रजेवर असताना आलेला अहवाल कोण पाहतो? अत्यंत प्रेमळ आणि कुशल डॉक्टरांच्या दवाखान्यातही आलेली पत्रे आठवडाभर पडून राहू शकतात.

रुग्णांच्या प्रेमावर किती विसंबावे, याचे टोकाचे उदाहरण इंग्लंडच्याच इतिहासात आहे. हाइड या गावातला हॅरॉल्ड शिपमन हा एकटाच दवाखाना चालवणारा जीपी रुग्णांमध्ये अतिशय लोकप्रिय होता. जानेवारी २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली आणि नंतर जेनेट स्मिथ यांच्या चौकशीने त्याच्या बळींची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष काढला. आजच्या तपासणीने शिपमन पकडला गेला असता का? एवढ्यावर विसंबता येणार नाही. निरीक्षण हे मुख्यतः निष्काळजीपणा आणि विस्कळीत कारभार शोधण्यासाठी आहे. हेतुपुरस्सर फसवणारा माणूस कागद उत्तम ठेवू शकतो. म्हणूनच त्या प्रकरणानंतर अमली गुणधर्माच्या औषधांवरची देखरेख कडक झाली, आणि डॉक्टरने लिहिलेले मृत्यूचे कारण दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने तपासण्याची पद्धत सप्टेंबर २०२४ पासून कायद्याने बंधनकारक झाली. ही कामे निरीक्षकांकडून होण्याजोगी नव्हती.

एकूण श्रेणीत काय लपते

जीपी दवाखान्यांपैकी दहांत नऊहून अधिक 'चांगला' किंवा त्याहून वरच्या श्रेणीत राहत आले आहेत. यातून दोन गोष्टी निघतात. 'चांगला' हा शब्द दवाखाना इतरांपेक्षा वरचढ असल्याचे सांगत नाही, तो अपेक्षित पातळी गाठल्याचे सांगतो. आणि त्या पातळीखाली जाणारा दवाखाना खरोखरच अपवादात्मक असतो, त्यामुळे त्याचा अहवाल पूर्ण वाचावा.

एकूण श्रेणी काढण्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. सर्वसाधारण नियमानुसार पाचांपैकी दोन किंवा अधिक प्रश्नांत 'सुधारणा आवश्यक' असेल तर एकूण श्रेणीही तीच होते. याचा अर्थ, फक्त एकाच प्रश्नात कमतरता असलेला दवाखाना एकूण 'चांगला' ठरू शकतो. तो एक प्रश्न जर सुरक्षिततेचा असेल, तर पत्रकावरचा मोठा शब्द वाचून निर्धास्त झालेल्या रुग्णाला त्याच पत्रकावर खाली लिहिलेली महत्त्वाची माहिती दिसलेलीच नसते.

त्याहून मोठी अडचण तारखेची आहे. डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी केलेल्या सीक्यूसीच्या कामाच्या परीक्षणाचा अंतरिम अहवाल जुलै २०२४ मध्ये आणि अंतिम अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यांत दिसले ते असे: सीक्यूसीला तपासण्याचा अधिकार असलेल्या सर्व प्रकारच्या ठिकाणांपैकी सुमारे एक पंचमांश ठिकाणांना कधीच श्रेणी मिळालेली नव्हती. काही संस्थांच्या श्रेणी अनेक वर्षे जुन्या होत्या. काही वेळा तर आजच्या भेटीचे निष्कर्ष आणि काही वर्षांपूर्वीच्या भेटीतले जुने गुण एकत्र करून नवी एकूण श्रेणी तयार केली जात होती. वाचणाऱ्याला ती ताजी वाटे, पण तिच्यातला अर्धा माल शिळा असे. २०२३ च्या अखेरीस आणलेली ३४ गुणवत्ता-विधानांची नवी चौकट आणि तिच्यासोबतची अडखळणारी संगणकप्रणाली यांवरही अहवालांनी कठोर टीका केली. त्यानंतर नियामकाने कामाची पुनर्रचना हाती घेतली.

म्हणून पत्रक पाहताना तारीख आधी पाहावी. सहा वर्षांपूर्वीची 'उत्कृष्ट' श्रेणी मिळवणारे भागीदार कदाचित निवृत्तही झाले असतील. सीक्यूसीच्या संकेतस्थळावरच्या पूर्ण अहवालात प्रत्येक प्रश्नाचे मूल्यमापन कधी झाले, ते स्वतंत्रपणे दिलेले असते.

श्रेणी घसरली तर दवाखाना बंद होतो का

सहसा नाही. अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वी दवाखान्याला मसुदा मिळतो आणि त्यातल्या तथ्यांच्या चुका दाखवण्यासाठी कामकाजाचे १० दिवस दिले जातात. नियमभंग किरकोळ असेल तर सुधारणेचा आराखडा मागवतात. गंभीर असेल तर मुदत घालून ताकीदपत्र काढतात. त्यापुढे नोंदणीवर अटी लादणे, ती निलंबित करणे आणि शेवटी रद्द करणे अशा पायऱ्या आहेत. रुग्णांच्या जिवाला तातडीचा धोका असल्यास या पायऱ्या ओलांडून थेट कारवाई होऊ शकते आणि दवाखान्याला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. दवाखाना खरोखर बंद झाला, तर एनएचएसच्या स्थानिक मंडळाला त्याच्या रुग्णांची सोय लावावी लागते. त्यामुळे ताकीदपत्राची बातमी वाचून लगेच दुसरीकडे नाव नोंदवण्याची घाई करू नये. ताकीद मिळालेल्या दवाखान्यावर पुढचे काही महिने जितके लक्ष असते, तितके इतर वेळी कोणत्याच दवाखान्यावर नसते.

गरीब वस्तीतल्या दवाखान्यांवर अन्याय होतो का

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर अंशतः होकारार्थी द्यावे लागते. मुलांच्या लसीकरणाचे प्रमाण किमान ९० टक्के आणि खरे तर ९५ टक्के असावे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी चाचणी ८० टक्के पात्र स्त्रियांची व्हावी, अशा मापांवर दवाखाना जोखला जातो. जिथे लोक वारंवार घरे बदलतात, अनेक भाषा बोलल्या जातात आणि पोटापाण्याच्या चिंतेपुढे चाचणीचे बोलावणे मागे पडते, तिथे हे आकडे गाठण्यासाठी दुप्पट कष्ट लागतात. भारतीय उपखंडातून आलेल्या पिढीतले अनेक डॉक्टर अशाच वस्त्यांमध्ये, पुष्कळदा एकट्याने, दवाखाने चालवत आले. जानेवारी २०२२ मध्ये सीक्यूसीनेच वांशिक अल्पसंख्याक डॉक्टरांच्या दवाखान्यांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. हे दवाखाने अधिक वंचित भागांत असण्याची शक्यता जास्त असते आणि त्यामुळे चांगल्या श्रेणीसाठी लागणारा पुरावा उभा करणे त्यांना अवघड जाते, हे त्यात मान्य केले आहे.

मात्र या आक्षेपाला मर्यादा आहे. लसीकरणाचा आकडा वस्तीवर अवलंबून असतो, फ्रिजच्या तापमानाची नोंद वस्तीवर अवलंबून नसते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाचे यकृत गरीब वस्तीत अधिक सोशिक होत नाही. त्यामुळे अहवाल वाचताना कोणता दोष परिस्थितीतून आलेला आहे आणि कोणता दवाखान्याच्या हातातला होता, हे वेगळे काढून पाहणे न्याय्य ठरते.

वैयक्तिक तक्रार कुठे करावी

सीक्यूसी एखाद्या रुग्णाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि मग तिथे लिहूनही दाद लागली नाही, असा राग येतो. तक्रार थेट दवाखान्याकडे करता येते, किंवा जुलै २०२३ पासून एनएचएसच्या स्थानिक एकात्मिक मंडळाकडे. या दोहोंपैकी एकच मार्ग निवडायचा असतो. तिथल्या उत्तराने समाधान झाले नाही तर संसदीय आणि आरोग्यसेवा लोकपालाकडे जाता येते. सीक्यूसीला अनुभव कळवला तर त्याचे व्यक्तिगत उत्तर मिळण्याची अपेक्षा ठेवू नये, परंतु तो अनुभव त्या दवाखान्याच्या माहितीत जमा होतो आणि पुढची भेट कधी घ्यायची, भेटीत काय विचारायचे, हे ठरवताना विचारात घेतला जातो.